पोर्ट सतरा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाईल थरथरला:
पोर्ट सतरा बंद.
मग, पोर्ट सतरा चालू.
मग पुन्हा बंद.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा स्विच
दुखतंय कुठं ते सांगतो,
का, ते तिथं जाऊन बघायचं.

मे महिना. गाडीची सीट अजून तापलेली.
शेडमध्ये टॉवेलचे अठरा माग दणदणतायत
आणि एकोणिसावा गप्प,
मोराची डिझाईन मानेपर्यंत येऊन थांबलेली.
समोर स्टुलावर राजेशम कुडक्याल, तंबाखू मळत:
"तुझ्या डब्याला झोप लागली काय बे?"

झाकण काढलं. पंख्यात लव,
बोटभर जाड, पांढरी, मऊ,
जणू स्विचनंही आतल्या आत एक टॉवेल विणायला घेतलेला.
फुंकर मारली. केबल दाबली. टिक.
दिवा हिरवा.
माग तरी गप्पच.

बघितलं, तर त्यानं स्वतःच एक पत्ता लावून घेतला होता:
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढं काहीबाही.
राजेशमना सांगितलं,
हा उठला की हाक मारतो, कुणीतरी पत्ता द्या.
सर्व्हरनं ऐकलं तर मिळतो, आठ तासांपुरता,
शिफ्टसारखा.
अर्धी शिफ्ट झाली की हा परत विचारतो, राहू का?
आणि कुणीच ओ दिली नाही
तर मनानंच एक आकडा ठोकतो दारावर.
त्यावर शेजाऱ्याशी बोलणं होतं,
गल्लीबाहेर नाही.

मला वाटलं हसतील.
म्हणाले, "आमच्या आईचा पत्ता असाच.
विडी कारखान्यामागं, लिंबाजवळ.
सात खोल्या बदलल्या, लिंब तोच लिहायची."
"पत्रं यायची?"
"यायची की.
पोस्टमनला तेलुगू येत होतं."

माग बंद करून चालू केला.
त्यानं हाक मारली. या वेळी ओ आली.
मोराला डोकं फुटायला लागलं.

निघताना स्विचची माहिती उघडली.
नाव: होतं. मॉडेल: होतं.
ठिकाण: सहा वर्षं रिकामं.
कर्सर लुकलुकत होता. मी टाईप केलं.

परवा दुपारी, बेचाळीस डिग्रीत,
जेवणाच्या डब्याशेजारी मोबाईल थरथरला:
तापमान जास्त.
ठिकाण: शेड तीन, राजेशमच्या स्टुलामागं.