वेल्टाचं नाक

रीगाबाहेर, रेल्वेच्या कुंपणालगत तिचे सात वाफे.
खाजकोलतीचं पिंप दहा दिवस आंबतंय.
शेजारचा ओस्कार्स खिडकी लावून घेतो,
वेल्टा मात्र झाकण काढून
वाकून ढवळत राहते, ताकात रवी फिरावी तशी.

"एकाला दहा पाणी. भर उन्हात नको.
गोगलगायी? रात्री ये, बॅटरी घेऊन.
कीव घरी ठेव."
मी वहीत उतरवून घेते.
ती वहीकडे बघतही नाही.

मग ओंजळभर खत माझ्या नाकाशी धरते.
"सांग."
चांगलंय, म्हणते मी.
"चांगलं हा काही वास नाही."

सरकारी बागेत तीस वर्षं
सफरचंदांवर फवारे मारले तिने,
तोंडाला नुसता रुमाल.
नाक नेमकं कुठल्या वसंतात गेलं, आठवत नाही.
आंबूस आला तर पेंढा घालायचा,
नासक्या अंड्याचा आला तर उकरायचं,
सगळं तिला कळतं;
पण कळवायचं कुणी?

मी डोळे मिटते. पुन्हा हुंगते.
बर्चखालची ओली पानं...
अळंबी खुडल्यावर बोटांना उरतो, तो.
आणि किंचित लोखंडाचा.

वेल्टा हसत नाही.
फावडं माझ्या हातात देते.
"मग पसर. भोपळ्याला आधी."