तिसऱ्या अंकातलं वाक्य

कॉव्हेंट्रीतल्या मेथडिस्ट चर्चचा हॉल,
तासाला अठरा पौंड, हीटरचे वेगळे.
भिंतीवरचा क्रूस आम्ही काळ्या पडद्याआड घेतो,
आधी पाद्रीबाईंना विचारून.
त्या म्हणाल्या, झाका, त्याला सवय आहे.

विंगेत माझी घडीची खुर्ची,
मांडीवर संहिता, गळ्यात सायकलचा दिवा.
एकवीस वर्षं मी इथे
दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत आले.
पत्रिकेत माझं नाव शेवटून दुसरं,
चहावाल्यांच्या आधी.

यंदाचं नाटक ऋत्विजाचं. वय सव्वीस, जन्म इथलाच.
देवनागरी वाचते ती बोट ठेवून,
पण लिहिते तेव्हा बोट आमच्याकडे असतं.

नाटकात एक बाप आहे, मंदिराचा खजिनदार.
निवडणुकीच्या आठवड्यात प्रसादाच्या पुडीत
एका पक्षाचं पत्रक जातं,
खडीसाखरेच्या खाली, चार घड्या घालून.
मुलगी भर सभेत उठून विचारते,
हे कुणी ठेवलं?
आणि बाप, ज्याने रात्री बसून घड्या घातल्या,
म्हणतो, खाली बस.
तेवढंच.
मग सात वर्षं दोघं बोलत नाहीत.

बापाचं काम अण्णा खांबेटे करतात.
मोटारीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेली,
आवाज असा की शेवटच्या रांगेतलं बाळ दचकून उठतं.
वाचनाच्या दिवशी त्यांनी संहिता बाजूला सारली,
देवाची टिंगल आहे का ही?
ऋत्विजा म्हणाली, देव यात कुठेच नाही काका,
तीच तर अडचण आहे.
सगळे हसले. अण्णा नाही हसले,
पण पुढच्या रविवारी आले,
डबाभर चकल्या घेऊन.

तिसऱ्या अंकात त्यांना तीन शब्द आहेत:
चुकलं माझं, पोरी.

बाकी सगळं तोंडपाठ. समितीचा जमाखर्च,
दीड पानाचं संतापलेलं स्वगत,
मधला खोकलासुद्धा जागच्या जागी.
इथे आले की थांबतात.
मी देते: चुकलं माझं...
ते चष्मा पुसतात.
मी पुन्हा देते, जरा मोठ्याने.
ते म्हणतात, पाणी.

अकरा तालमी अशा.
ऋत्विजा म्हणाली, शब्द बदलू या का?
नको, म्हणाले, शब्द बरोबर आहेत.
पार्किंगमध्ये कुणीतरी मला सांगितलं,
त्यांचा थोरला ब्रिस्टलला असतो,
आणि त्या सुनेचं नाव घेताना
सांगणाऱ्याने आवाज खाली आणला.
मी काचेवरचं दव पुसत राहिले.
मलाही एक फोन नंबर पाठ आहे.

प्रयोगाला दीडशे माणसं.
पहिल्या रांगेत मंदिराची समिती, हाताची घडी घालून;
मागे त्यांची नातवंडं,
पडद्यावरचं इंग्रजी वाचून आमच्या आधीच हसणारी.
दुसऱ्या अंकात कुणीतरी उठून गेलं,
दार मात्र हळू लावलं,
परत यायची सोय ठेवून.

तिसरा अंक.
अण्णा उभे. तोंड अर्धं उघडलेलं.
हीटर टकटक करतोय.
मी दिलं, चुकलं माझं, पोरी.
आणि इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता
तो माझा आवाज विंग ओलांडून गेला.
अख्ख्या पहिल्या रांगेने मान वळवली.

मुलीचं काम करणारी शर्वाणी, बारावीतली पोर,
तिने अण्णांकडे पाहिलं नाही,
अंधारात माझ्याकडेही नाही.
सरळ तिचं वाक्य घेतलं,
जेवलात का, बाबा?

अण्णांनी मान हलवली.
हो की नाही, ते मला विंगेतून कळलं नाही.
संहितेत तिथे मान हलवणं नाही.

पडदा पडल्यावर ते माझ्या खुर्चीपाशी आले.
वहिनी, फार मोठ्याने दिलंत आज.
मी म्हटलं, हो.
मग मी शिडी धरली, ते चढले,
क्रूसावरचा पडदा काढायचा होता,
दहाच्या आत हॉल
होता तसा करून द्यायचा होता.