दोन लाद्या, उधार

लिंबय्या कोंगारी बर्फात आहे, असं म्हणतात.
स्टेशनामागच्या बंद पडलेल्या कारखान्यात,
सगळ्यात खालच्या हौदात,
अंगात काळा कोट, खिशात फिल्म कापायची कात्री,
डोळे उघडे.
औषध निघालं की उठणार म्हणे,
आणि उठल्याउठल्या विचारणार, गल्ला किती?

हे मला रिक्षावाल्यानं सांगितलं.
मला!

लिंबय्या मिलमधला बॉबिन उचलणारा पोरगा.
गड्ड्याच्या जत्रेत एका पेटीला डोळा लावून
त्यानं एक आण्यात पळणारा घोडा पाहिला.
दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा
तो खात्यात नव्हता. पेटीच्या मागं होता,
घोडा बांधतात कुठं ते शोधत.

पुढं बायकोच्या पाटल्या मोडून मशीन आणलं,
हातानं फिरवायचं. नाव ठेवलं चंद्रकोर.
पडद्याला आधी चादर लावली होती,
पण नटीच्या गालावर मोर यायला लागला,
म्हणून मांजरपाट.
चित्रं मुकी होती तोवर हाच शेजारी उभा राहून बोलायचा,
नायक मराठीत, सावकार कानडीत,
आणि रडायची वेळ आली की तेलुगूत,
कारण दुसऱ्या भाषेत त्याला रडता यायचं नाही.

खेळाआधी पडदा पाण्यानं भिजवायचे,
चित्र आरपार दिसायचं.
पुढं दोन आणे, मागं एक.
माझी आई सगळी वर्षं मागं बसली.
तिचे सगळे नायक डावखुरे.
अक्षरंही तिथंच शिकली, उलटी;
विडी कारखान्याच्या वहीत तिची सही
मुकादम आरशात धरून वाचायचा.

वडील मशीन चालवायचे. भुवया कायम जळलेल्या.
लिंबय्याण्णा पगार वेळेवर द्यायचा नाही,
आणि पोरांना कनातीखालून आत सरकताना बघितलं
तर पाठ फिरवून विडी पेटवायचा.
एवढंच मला माहीत आहे. बाकी गावाला माहीत आहे.

गावाला हेही माहीत आहे
की त्यानं मशीन गड्ड्याच्या मैदानात पुरलं,
म्हणून मौतच्या विहिरीतली फटफटी
अमुक ठिकाणी आली की आपोआप बंद पडते.
आणि मरताना त्यानं एका चिठ्ठीवर
नटीचं नाव लिहिलं.
कुठल्या, ते साखर पेठेत एक सांगतात, तेलंगी पाच्छा पेठेत दुसरं.
चिठ्ठी आमच्याकडं होती.
कार्बन कांड्या बारा, बाकी सव्वीस रुपये.

तो मेला मे महिन्यात.
मुलगा भिवंडीला मागावर, तार गेली,
गाडी चुकली, दुसरी मिळाली, दोन दिवस गेले.
सोलापूरचा मे, वो. माणूस जिवंतपणी टिकत नाही.
वडील हातगाडी घेऊन कारखान्यात गेले,
गोणपाटात गुंडाळून, भुसा घालून
दोन लाद्या आणल्या.
पावती आहे माझ्याजवळ. लाद्या दोन, उधार.
आता कारखान्याला कुलूप. फेडायची कुणाला?

दाराखालून पाणी यायला लागलं.
बायका आत रडत होत्या,
आम्ही पोरं ओट्याच्या कडेला ओळीनं बसलो
आणि त्या पाण्यात पाय सोडले.
मी सहा वर्षांचा.
इतकं गार काही पायाला लागलं नव्हतं कधी.
मला वाटलं, मुलाची गाडी अजून चुकावी.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रिक्षावाला आरशातून बघत होता.
विश्वास नाही काय की तुमचा?
म्हटलं, बर्फ किती लागला असेल?
शंभर लाद्या तरी, तो म्हणाला,
आणि भोपळे चौकाच्या वळणावर हॉर्न दाबला.

उतरलो, पैसे दिले.
पावती खिशात होती, काढली नाही.
घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात:
डोळ्यांचं त्याला कुणी सांगितलं?
खोलीत तिघेच होते, तिघेही गेले.
वडिलांनी दोनदा मिटवून पाहिले होते.