एकसष्ट पायऱ्या

टाकीवर खिशात काही न्यायचं नाही,
असा नियम आहे.
नाणं नाही, किल्ली नाही, फोन तर नाहीच.
पहिल्या दिवशी गेटवर जपमाळही काढून ठेवली
पाकिटाशेजारी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये.
सेफ्टीवाल्यानं पावती दिली:
माळ, एक, लाकडी.

तेव्हापासून जिना मोजतो.
अहमदीच्या टेकाडावर चौदा नंबरच्या टाकीला
गोल फिरत जाणाऱ्या एकसष्ट पायऱ्या.
माळेचे मणी एकोणसाठ.
पहाटे चारला, हेल्मेटचा पट्टा अडकवता अडकवता
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा.
बघणाऱ्याला वाटावं, हार्नेस तपासतोय.
तोही तपासतोच.

मग पायरीला एक नमो मरिया.
दहा झाल्या की रेलिंगवर हात, आणि आमच्या बापा.
दुसऱ्या रहस्यात धाप लागते,
तिसऱ्यात हिशेब चुकतो,
खोलीचं भाडं आणि मेल्विनची फी
मधेच रांग मोडून घुसतात.
फादरना विचारलं होतं, पुन्हा खाली उतरू का?
म्हणाले, वेडा आहेस का,
आठवेल त्या पायरीपासून पुढे चढ.

उरतात दोन.
एक ब्रिजितसाठी.
दुसरीवर काहीच म्हणत नाही, नुसता श्वास घेतो.
बंदरावर जहाजांचे दिवे फिके पडत असतात.

संध्याकाळी पाचला निर्मळला साडेसात.
ब्रिजित फोन आल्तारावर टेकवते,
मेणबत्तीपासून हातभर लांब,
मागच्या वर्षी कव्हर वितळलं होतं.
पाचवं रहस्य माझ्याकडे असतं
आणि चौथ्यातच माझा डोळा लागतो.
पोरं सांगतात,
डॅडी बरोब्बर आमेनच्या जागी घोरतात.

मे महिन्यात टाकीला रडार बसलं.
आता लेव्हल पडद्यावर दिसते,
चढायचं कारण उरलं नाही.
तीन दिवस खुर्चीत बसून म्हणून पाहिलं.
चहा, अलार्म, कुणाचा तरी फोन.
जीभ चालायची,
प्रार्थनेला पाय नव्हते.

चौथ्या दिवशी मिशारीला म्हटलं,
साहेब, जिन्याला गंज धरलाय,
रोज बघायला हवा.
तो नुकताच नमाज आटपून आला होता,
दुमडलेल्या बाह्या अजून कोपरावर.
माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.
इतरांना वर जायला चार मिनिटं लागतात, म्हणाला,
तुला अठरा.
एवढंच.
आणि परमिटवर लिहिलं, गंज तपासणी, रोज,
खाली सही.

तर रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते.
खोटी नको म्हणून खरंच बघत जातो:
पायरी सत्ताविसावी, डावा बोल्ट,
तांबूस डाग, नखाएवढा,
काल होता तेवढाच.