हिरवं पाकीट

निवडणुकीला नऊ दिवस.
गल्लीतून भोंग्याची गाडी गेली.
उमेदवार टपावर उभा, वाकून वाकून नमस्कार करत होता,
बंद शटरलासुद्धा.

सिन्चूचा वारा कुणाच्या पक्षाचा नाही.
निळे झेंडे फाडतो, हिरवेही फाडतो,
आणि माझ्या दुकानाची पाटी
तीस वर्षं कुरकुरत ठेवतो.

टेबलावर कन्सोल उघडा पडलाय, जुना, राखाडी.
त्याच्या पोटात धूळ, एक वाळलेलं झुरळ,
कुणा पोराने कधीतरी सांडलेलं पपईचं दूध.
असली पोटं मी साफ करतो. मला तेवढंच येतं.

मी निळ्यांचा. माझा भाऊ निळ्यांचा.
वडील निळ्यांचे होते, म्हणजे त्यांना कुणी विचारलंच नाही,
ताटात भात का, असं कुणी विचारत नाही तसं.
पोरगी हिरव्यांची.
कधी झाली कळलं नाही.
अक्कलदाढ येते तशी: आधी नुसती सूज,
मग एका रात्री ठणका.
दोन वर्षं जेवताना आम्ही
फक्त मासा कसा झालाय तेवढंच बोलतो.

ई-छेन चिपच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पांढरा झगा, पांढरी टोपी, तोंडावर पट्टी,
माणूस म्हणून उरतात दोन डोळे.
आत कुणाचं मत कुणाला दिसत नाही, म्हणते.
आत एकच शत्रू: कोंडा.
डोक्यातला एक कण पडला
की अख्खी तबकडी बाद.

चौकात दोन फलक समोरासमोर आहेत.
दोन्ही पक्षांच्या उमेदवारांच्या हातात तीच तबकडी,
जणू चंद्र त्यांनीच घासून ठेवलाय.
समुद्रापलीकडचे मोठे देश
आमच्या बेटाकडे बघतात, तेव्हा त्यांनाही तबकडीच दिसते.
तिच्यावर आमचे श्वास पडू नयेत
याचीच सगळ्यांना काळजी.

रविवारी सकाळी ती पाळीवरून थेट दुकानात आली.
डोळ्यांखाली पट्टीचे वळ.
म्हणाली, बाबा, पुढच्या कन्सोलला डबाच नसणार.
खेळ ढगात राहील.
ढगात म्हणजे?
म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमध्ये, कुठल्यातरी थंड खोलीत.
मग बिघडला तर?
तिने झुरळाकडे पाहिलं, चिमट्याने अलगद उचललं.
भाड्याचं बिघडत नाही, बाबा. नुसतं बंद होतं.

मी सोल्डरचा धूर फुंकत राहिलो.
बिघडणं ही मला नेहमी अडचण वाटायची.
आता वाटलं, तो एक हक्क होता.

मग तिने पिशवीतून
मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट काढलं
आणि माझ्या तपासणीच्या यंत्रावर ठेवलं.
हिरवं.
मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून, म्हणाली,
कारखान्यात प्रत्येक यंत्रावर असतं.
हिरवंच लागतं, हिरवा दिवा म्हणजे चालू.
एकाने चुकून पिवळं ठेवलं होतं,
चार तास सगळं ठप्प.

माझ्या दुकानात? हिरवं?

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा,
आणि तेही माझ्यावर.
तुमचा लाडका पुतण्या, तो कट्टर निळा,
तोही ठेवतो, म्हणाली. मुदत संपायच्या आत बदलतोही.

मतदानाला आम्ही वेगवेगळे गेलो,
वीस मिनिटांच्या अंतराने.
शाळेच्या त्याच दारातून, त्याच वाऱ्यात.
मी कुणाला दिलं ते तिला माहीत आहे.
तिने कुणाला दिलं ते मला.
रात्री मासा जरा खारट झाला होता.

पाकीट अजून तिथेच आहे.
काढायला हात दोनदा गेला.
कन्सोल मात्र सुरू झाला, हे खरं आहे,
त्यात माझा हात किती आणि मक्याचा किती, देव जाणे.

पाकिटामागे बारीक अक्षरांत मुदत छापलीय: मार्च.
सरकार कुणाचंही येवो,
मार्चमध्ये ते बदलायला
कुणीतरी यायला हवं.