सहा तास

संडरलंडमध्ये डिसेंबरात
पावणेचारच्या आतच दिवस शटर ओढून घेतो.
म्हणून टाकीवरचा दिवा मी
सकाळी सातला लावायचो
आणि रात्री अकरापर्यंत मालवायचो नाही.

साठ लिटर पाणी, काळी वाळू,
डेरेक हेपलच्या दुकानातली सात रोपं,
ओल्या कागदात गुंडाळलेली, कोथिंबिरीच्या जुडीसारखी.
चिमट्याने एकेक रोवली.
दोन पुन्हापुन्हा वर तरंगत आली,
वाळू त्यांना धरायला तयार नव्हती.

शाल्मली रात्रपाळीला, एक्स-रे विभागात.
सकाळी परतते तेव्हा बाहेर उजाडल्यासारखं असतं, उजाडलेलं नसतं.
वाटलं, दार उघडताच तिला
काहीतरी हिरवं दिसावं.
एवढंच कारण. मला माशांतलं काही कळत नव्हतं
आणि मासे तर अजून आणलेही नव्हते.

दहाव्या दिवशी काचेवर तपकिरी धूळ.
बोटाने पुसली. संध्याकाळी परत.
मग जुनी पानं विरघळू लागली
फार शिजलेल्या पालकासारखी,
आणि उरलेल्यांच्या कडांना केस फुटले,
बारीक, हिरवे, कुणी न विंचरलेले.
मला वाटलं, रोपं उपाशी आहेत.
मी दिवा शंभर टक्क्यांवर नेला.
आठवड्याने टाकीची मागची बाजू दिसेना,
पाणी मुगाच्या कढणासारखं.

हेपलने फोटो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला.
किती तास?
सोळा.
तो हसला नाही. म्हणाला,
नव्या रोपाला अजून मुळं नसतात, लेका,
त्याला एवढा उजेड खाता येत नाही.
उरलेला खाणारं कुणीतरी
आधीपासून पाण्यात बसलेलंच असतं.
सहा तास दे, आणि धीर धर.
टायमर नऊ पौंडांना. धीर मी ठेवत नाही.

बसमध्ये टायमर मांडीवर घेऊन बसलो
तेव्हा इथला पहिला हिवाळा आठवला.
मी घरातले सगळे दिवे लावून बसायचो, दिवसासुद्धा.
बिल आलं त्या रात्री शाल्मली काही बोलली नाही,
एकेक बटण बंद करत गेली,
स्वैपाकघरातला एक तेवढा ठेवला
आणि त्याच्याखाली आम्ही पिठलं-भात जेवलो.

टायमरच्या चकतीला बारीक दात,
एकेक पंधरा मिनिटांचा. चोवीस दाबायचे.
पण कोणते चोवीस?
सकाळी ती येते ते झोपते, तेवढे आठ.
दुपारी उठते ते निघते, तेवढे सोळा.
बरोबर सहा तास भरले.
मी दोनदा मोजून पाहिले.

रविवारी जुन्या टूथब्रशवर ती शेवाळ गुंडाळत होती,
शेवया काट्यावर घ्याव्यात तशी.
म्हणाली, चिपळूणला हे कौलांवर चढायचं,
त्यावर कुणी उपाय विचारत फिरत नव्हतं.
मग म्हणाली, अति तेथे माती ना?
इथे मातीच्या आधी हे.
निम्मं पाणी बादलीने काढलं, निम्मं नवं ओतलं.
एक दगड तिने घासला नाही.
मी का म्हणून विचारलं नाही.

जानेवारीभर काहीच झालं नाही.
म्हणजे केस थोडे कमी झाले, धूळ कधी होती, कधी नव्हती,
आणि हेपलने फुकट दिलेल्या तीन गोगलगायींपैकी
एक दोनदा जमिनीवर सापडली.
सव्वासातला खट् व्हायचं,
शाल्मली बूट घालायची,
मी त्या काळ्या काचेसमोर थोडा वेळ बसून राहायचो.

फेब्रुवारीत एका काडीच्या टोकाशी
नखाएवढी लालसर सुरळी दिसली.
रात्री दोनला वॉर्डातून तिचा मेसेज,
पान उघडलं का? फोटो पाठव.

मी खाली गेलो. टाकीशी उभा राहिलो.
मोबाईलचा टॉर्च हातात होता,
लावला नाही.
लिहिलं, सव्वाआठला ये.