चाळीस चुली

महालातल्या खोलीत कूलरमध्ये पाणी ओतते
आणि त्याच्या नावेत चढते.
इथे मे, शेहेचाळीस अंश.
तिकडे कॅरोलिनात, तीनशे वर्षांमागे,
नदीवर बर्फाचा पापुद्रा.
तो इंग्रजीत पुढे, मी मराठीत मागून वल्हवत.

पहिल्याच मुक्कामाला अडते.
पोटाच्या थैलीत पिलं वागवणारं एक जनावर.
आपल्यात त्याला नाव नाही.
तोही अडला होता. लिहितो,
'मांजराएवढं, डुकराच्या तोंडाचं, उंदराच्या शेपटीचं.'
तीन ओळखीची शिवून
एक अनोळखी उभं केलं त्यानं.
मी टाके उसवत नाही.

मग माणसं येतात. त्यांना तो 'इंडियन' म्हणतो.
काय लिहू? 'भारतीय'?
ती तर मी, आणि खाली पंक्चर काढणारा गजू लांजेवार.
'तिथले' लिहिते.
तिथले त्याला कणसं भाजून देतात,
नदीला उतार कुठे ते दाखवतात.
तो कणसाची चव लिहितो,
हरणाच्या एका कातड्याला किती रम, तेही.
वाट दाखवणाऱ्याचं नाव लिहीत नाही.
कबुतरांच्या थव्याला मात्र अख्खं पान.

शनिवारी कळमन्याला जाते, वर्षाची मिरची घ्यायला.
लाल ढिगांमधून शिंकत.
देठं खुडता खुडता सोमीबाई उईके विचारतात,
"काऊन जी बाई, रडून राह्यल्या?"
सांगते, ही मिरची मूळची इथली नाही,
समुद्रापलीकडून आली, मी वाचतेय त्या मुलखाकडून.
त्या हसतात.
"आली असंन. आमी तं इथलेच.
गाव वसवलं आमच्या राजानं,
अन् पोलीस पत्ता पुसते आमालेच."
अर्धा किलो जास्तीचं मापतात.

रात्री पुढचं पान.
'मागल्या खेपेस या गावी चाळीस चुली होत्या.
देवीच्या साथीनंतर नऊ.
हवा उत्तम. माती काळी, कसदार. वसाहतीस योग्य.'

'नऊ' आणि 'हवा' यांच्यामध्ये
एवढंसं टिंब.
मी ते तीनदा खोडलं, तीनदा दिलं.
शेवटी तिथे एक ओळ कोरी सोडली.
संपादक म्हणतील, छपाईची चूक आहे.

बोटांना मिरची होती, विसरून डोळा चोळला.
आज इतकंच.